सातव्या घराची बारी

२ डिसेंबर, मंगळवार

सुनंनं ही डायरी हातात दिली. खताच्या दुकानातली, फुकटातली. म्हनली, आत्या, मशीन काय काय चुकतंय ते ह्याच्यात लिवून ठिवा, मला लई कामाला येईल. मी म्हनलं, मशीन तुजं, चुका तुज्या, आन् लिवायचं मी कावून? तर म्हनली, माज्या चुका मलाच दिसत न्हाईत.

हे मातर खरं बोलली. म्हून लिवते. सातवीपस्तोर शिकले मी, अक्षर लागतं.

सून म्हंजी विजयमाला, आमच्या अंगदची बायको. विजू म्हनतो आमी. येऊन दीड वरीस झालं. कालिज केलंय, कंप्युटर येतो. आता तिला बीडला फुडचा क्लास लावायचाय, सहा महिन्याचा. नेकनूरहून रोज यष्टीनं जायचं आन् यायचं. अंगद म्हनला, आईला इचार. मालक म्हनले, तिलाच इचार. म्हंजी गाडं फिरून माज्याच दारात हुबं. मी म्हनलं, क्लास नंतर. शिकलीस त्यातलं एक काम आदी घरात करून दाखीव. संक्रांतीपस्तोर नीट चाललं तर जा. वस्तीवरल्या एका बी घरानं मशीन खोटं हाय म्हनलं, तर क्लास बंद, ज्वारी काढायला चल.

काम बी मीच सांगितलं. आमच्या वस्तीवर सात घरं आन् एक ईहीर. मागल्या पिढीनं मिळून खांदलेली. एका दिशी एका घरानं दारं धरायची, म्हंजी पाटाचं पानी आपल्या वाफ्यात घ्यायचं. दुसऱ्या दिशी दुसऱ्या घराची बारी. आज कुनाची बारी, ते अर्जुनआबा ईहिरीवर हुबं राहून वरडून सांगायचे. आबाचा आवाज फाट्यापस्तोर जायचा. दिवाळीत घसा बसला तो बसलाच, डाक्टरनं बोलायचीच बंदी केलीय. तवापासनं रोज दोगं दोगं फावडं घेऊन येतेत आन् दोगं बी म्हनतेत, बारी माजी. परवा शहादेव भाऊजी आन् सोमेश्वर पान्यापायी आसे भांडले की पानी तिसऱ्याच्याच रानात गेलं.

विजू म्हनली, आबाच्या जागी कंप्युटर बोलंल. अंगदकडं गनपतीतला भोंगा हाय, तो स्लॅबवर बांधायचा आन् कंप्युटरला वायर जोडायची. बगू.

३ डिसेंबर, बुधवार

भोंग्यात आवाज कुनाचा घालायचा? विजू म्हनली, आत्या, तुमचाच. तुमच्या आवाजाला लोक वचकून हायेत. चुलीफुडं बसलते, तिथंच तोंडाजवळ मोबाईल धरला. म्हनली, बारीच्या वळीनं एकेक घर घ्या, मधी जरा थांबत जावा.

थांबायला येळ कुनाला हाय. मी एका दमात म्हनलं: अर्जुनआबा, तुमची बारी. शहादेव भाऊजी, तुमची बारी. सोमेश्वर, तुजी बारी. कचरू, तुजी बारी. भिवराबाई, तुजी बारी. जीवन, तुजी बारी. आन् मंग आपली. तेवड्यात दूध वर आलं म्हून उठले. विजू म्हनली, परत एकदा घ्यायचं का? मी म्हनलं, एकदाच म्हनलं पन नीट म्हनलं, फाफटपसारा नगं.

मंग ती कानात वायरी घालून माज्या बोलन्याचे तुकडे करीत बसली. एका नावाचा एक तुकडा. माजा खोकला, मांजराला हाकललेलं, दुधाचं, सगळं फिजूल बोलनं काढून टाकलं म्हनली. चांगलं केलं.

७ डिसेंबर, रविवार

आज भोंगा पैल्यांदा बोलला. चाचनी व्हती. सगळी नावं एकेकदा घ्यायची आन् गप बसायचं, एवडंच काम.

भोंगा म्हनला, अर्जुनआबा, तुमची बारी. माजाच आवाज, पन स्लॅबवरून आला तर मीच दचकले. मंग परत म्हनला, अर्जुनआबा, तुमची बारी. मंग परत. च्या उकळून खाली उतरला तरी भोंग्याला आबाबिगर दुसरं नाव सुचंना. कुत्री भुकायला लागली. आबा काठी टेकीत आले. बोलायची बंदी, म्हून दोनी हात हालवून इचारायलेत, मी मेलो का काय. अंगदनं वर पळत जाऊन वायर वढली.

विजूचं तोंड रडकं झालं. मालक म्हनले, आबाला तरी बरं वाटलं आसंल, एवडं नाव त्यांच्या लग्नात बी घेतलं नसंल कुनी. तवा ती हासली.

मालक कमी बोलतेत. बोलले की आसं बोलतेत.

९ डिसेंबर, मंगळवार

विजूनं नवीनच काढलं. मी तूर निवडीत बसले की ती कंप्युटर मांडीवर घेऊन येते, एकेक ओळ वाचून दाखीवते आन् मराठीत सांगते. मी फकस्त मंग म्हनायचं. कॉलेजात त्यांचे सर सांगायचे म्हनं, चूक सापडंना तर कुनाला तरी वाचून दाखवा, समोर मातीची बाहुली आसली तरी चालतंय. मी म्हनलं, म्हंजी मी बाहुली. म्हनली, बाहुली मंग म्हनत न्हाई ना आत्या.

ही भाषा पायथन नावाची. पायथन म्हंजी अजगर. काय नाव ठिवायचं ते ठिवा.

तर ती म्हनली, हे लूप हाय, म्हंजी चक्कर. मी म्हनलं, मंग? म्हनली, चकरीत नाव घ्यायचं. मंग? मंग आकडा एकानं वाढवायचा, म्हंजी फुडचं नाव येतं. मी म्हनलं, मंग वाढीव की, परवा कावून वाढला न्हाई? ती त्या ओळीकडं बगतच ऱ्हायली. ह्या मशीनीत ओळ जरा आत सरकवून लिवली तरच ती चकरीच्या आतली. हिनं आकडा वाढवायची ओळ कडंला चिटकून लिवलती. म्हंजी खळ्यावर बैल फिरायलेत आन् मोजनारा घरी झोपलाय. फिरतेत मंग दिसभर.

चार बोटं जागा सोडायची ती सोडली, झालं. मी काय केलं न्हाई, तूर निवडली.

१० डिसेंबर, बुधवार

परत चाचनी. ह्या येळंला भोंगा शहादेव भाऊजीपासनंच सुरू. आबाचं नाव गायब. परवा सारखं सारखं, आज एकदा बी न्हाई. आबा दारातनं बगायलेत, मान हालवायलेत.

विजूनं वाचून दाखीवलं. चक्कर मी एकपासनं सुरू केली, म्हनली. मी म्हनलं, मंग कुठून करायची, मोजनी एकपासनंच आसती. तर म्हनली, मशीन शून्यापासनं मोजतं. आबा म्हंजी शून्य, भाऊजी म्हंजी एक. मी म्हनलं, हे आबाला सांगू नको.

तिनं शून्यापासनं केलं. दुपारी परत लावलं, तर आबा आले आन् शेवटचा जीवन गेला. फुडनं पांघरून वढलं की मागनं पाय उघडे. त्याचं कारन आसं, की तिथं रेंज म्हनून एक हाय. रेंजला जो शेवटचा आकडा सांगावा त्याच्या एक आदीच ते थांबतं. आन् विजूनं हुशारी करून सोताबी एक कमी केलता. दोगांनी मिळून बिचाऱ्या जीवनला खाल्लं. मी म्हनलं, शेवटाल्याला कायम हेच. पंगतीत बी शेवटच्या पानाला भाजी येत न्हाई.

आता ती आकडा सांगतच न्हाई. मशीनलाच म्हनती, यादी मोज, जेवडी नावं तेवड्या चकरा मार. सांजच्याला जीवनचं नाव आलं आन् विजूनं टाळी वाजवली. मी म्हनलं, आलं ना शेवटचं? मंग बंद कर आता, भाजी करपायली.

१३ डिसेंबर, शनिवार

आज कंप्युटरवर लाल अक्षरं, म्हंजी चूक. आवस आसली की मोटर बंद, रानात कुनी काम करीत न्हाई, हे मशीनला सांगायचं व्हतं. विजूनं लिवलं, आज बरोबर आवस, तर गप बस. मशीन आडून बसलं.

वाचताना तिलाच कळलं. बरोबरचं चिन्ह एकदा काढलं तर मशीनला वाटतं, ही सांगायली, आज आवस हाय म्हून धरून चाल. दोनदा काढलं तर त्याला कळतं, ही इचारायली, आज आवस हाय का? मी म्हनलं, म्हंजी एक चिन्ह हुकूम आन् दोन चिन्हं सवाल. म्हनली, व्हय. आन् मंग खाली मान घालून म्हनली, आत्या, तुमचं सगळं बोलनं एका चिन्हाचं आसतं.

तोंड फुटायलं आता हिला. बरं हाय. आल्या आल्या तर सावलीला भ्यायची.

१५ डिसेंबर, सोमवार

आजपासनं खरं सुरू. भोंगा सकाळी एकदाच बोलला, अर्जुनआबा, तुमची बारी, आन् गप झाला. आबाचा नातू फावडं घेऊन गेला. भांडन न्हाई, तंटा न्हाई.

शहादेव भाऊजी मातर कुजकं बोलून गेले. म्हनले, वहिनी, सून तुमची, मशीन तुमचं, भोंगा तुमचा, आवाज बी तुमचा. पानी कुनाचं व्हनार ते सांगायला मशीन कशाला पायजे? मी म्हनलं, उद्या तुमचं नाव आलं की कान उगडं ठिवा.

पन बोलनं लागलं. विजूनं बी ऐकलं. एका घरानं खोटं म्हनलं तर क्लास बंद, हे माजंच बोलनं, आन् आता ते मला बी चपलीतल्या खड्यावानी टोचायलंय. मागं घ्यायचं तरी कसं, बोललेलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज आवस. सकाळी भोंगा खडखडीत बोलला, भिवराबाई, तुजी बारी.

भिवराबाई पदर खोसून दारात. ही बाई एकटी रान बगती, तिच्या तोंडाला कुनी लागत न्हाई. म्हनली, केसरबाई, आवशेला मला ईहिरीवर धाडतीस? माज्यावर काय राग हाय का? मी म्हनलं, राग मशीनवर काढ, आत बसलंय.

विजूनं तिच्या म्होरंच वाचून दाखीवलं. मोटरीची लाईट दिवसाची आसंल तर सकाळी बोल. न्हाईतर, लाईट रातची आसंल तर सांजच्याला बोल. न्हाईतर, आवस आसंल तर गप बस. भिवराबाई म्हनली, बरोबर तर हाय. मला बी बरोबर वाटलं. मंग मी म्हनलं, आज लाईट कवाची? दिवसाची. मंग? मंग मशीन पैल्याच ओळीला बोलून मोकळं झालं, विजू म्हनली, आन् तोंडावर हात ठिवला. ते खाली आवशेपस्तोर कवा जानारच न्हाई. लाईट एक तर दिवसाची न्हाईतर रातची, तिसरी आसतीच कुठं.

भिवराबाई म्हनली, पावन्याला जेवू घालून मंग इचारायलात का, आज उपास हाय का म्हून? ते दारातच इचारायचं.

विजूनं आवस उचलली आन् सगळ्यात वर नेऊन ठिवली. आन् आवशेला कुनाची बारी बुडू न्हाई, ती दुसऱ्या दिशी सरकावी, ते बी घातलं. भिवराबाईनं जाताना विजूच्या पाठीत एक धपका घातला, मायेनं. खोटं हाय आसं म्हनली न्हाई. मी ध्यान देऊन ऐकलं.

२२ डिसेंबर, सोमवार

काय झालं ते सरळ लिवते.

काल जीवनची बारी व्हती. त्याच्या मागनं आपली. कांद्याला पानी पायजेच व्हतं. मालक पाटाची दारं नीट करून, पायजमा वर खोसून अंगनात हुबं. भोंगा म्हनला, अर्जुनआबा, तुमची बारी.

सगळे एकमेकाच्या तोंडाकडं बगायलेत. आबाचा नातू बी यायला लाजला. म्हनला, काकी, तुमची हाय ना? मी म्हनलं, भोंगा बोलला ते बोलला. सगळ्यांनी ऐकलंय. आज आपन मोडलं तर उद्या शहादेव भाऊजी मोडतेल. जा तू, घे पानी.

घरात आले तर विजू भिताडाला टेकून बसलेली. म्हनली, आत्या, एक घर म्हनलं ना खोटं हाय. आपलंच म्हनलं.

मालक पायजमा खाली सोडीत म्हनले, मी काय म्हनलो न्हाई खोटं. मला सुट्टी मिळाली.

२४ डिसेंबर, बुधवार

दोन दिस झाले, चूक सापडंना. विजूला वाटलं परत रेंजच. शेवटचा खायची त्याला सवयच हाय, मागं जीवनला खाल्लं, आता आपल्याला. म्हून तिनं सरळ आकडा लिवला, घरं सात, चकरा सात मार. भोंग्याची वायर काढून घरातच लावलं. सहा नावं घेतली आन् सातव्या चकरीला लाल अक्षरं. म्हनतंय, तू यादीच्या बाहेर गेलीस.

मी म्हनलं, बाहेर कशी, सात घरं हायेत, मी सोता वळीनं सांगितलीत. तिनं परत सगळं वाचून दाखीवलं. मी मंग मंग म्हनून दमले. चक्कर नीट, जागा नीट, चिन्हं नीट, आवस वर. सगळं नीट आन् घर गायब.

मी तिला म्हनलं बी, तुज्या कॉलेजानं तुला अर्धंच शिकीवलं. म्हनायला नगं व्हतं. रात्री तिनं भाकर अर्धीच खाल्ली.

२५ डिसेंबर, गुरुवार

सापडली.

सकाळी विजू म्हनली, आत्या, लूप सोडा. त्या दिशी तुमी बोलल्या तसंच परत एकदा बोला. तूर बाजूला सारली आन् म्हनलं, अर्जुनआबा, शहादेव भाऊजी, सोमेश्वर, कचरू, भिवराबाई, जीवन, आन् मंग आपली.

ती म्हनली, आपली म्हंजी?

आपली म्हंजी आपली. ह्या घराची.

ह्या घराचं नाव काय?

मी म्हनलं, डोकं फिरलं का तुजं, मालकाची बारी. म्हनली, मशीनला मालक म्हंजी कोन, ते कसं कळावं? आन् हासायला लागली. आशी हासली की अंगद आतनं पळत आला. मंग मला उजेड पडला. आन् मंग आपली, हे तिनं त्या दिशी माज्या खोकल्यासंगं फेकून दिलतं. यादीत सहाच नावं. मशीननं सहाच मोजली. मशीन बिचारं पैल्या दिसापासनं खरंच बोलायलंय.

मी म्हनलं, मंग टाक की नाव, तुला ठाव हाय. ती म्हनली, लिवायला मी शंभरदा लिवीन, माज्या आधारकार्डावरच्या नवऱ्याच्या नावात मामांचं नाव हाय. पन आवाज तुमचा पायजे. मी म्हनलं, अंगद म्हनंल बापाचं नाव. ती म्हनली, सहा घरांना आत्यांनी हाक मारायची आन् सातव्याला दुसऱ्यानं? भोंगा तुमचा हाय. बारी तुमी सांगायची.

हे दोन चिन्हं न्हाईत, हे एकच चिन्ह. शिकली माज्याचकडून.

लगीन होऊन ह्या घरात आले तवापासनं ते नाव मी घेतलं न्हाई. आमच्यात घेत न्हाईत. अहो म्हनायचं, न्हाईतर अंगदचे वडील, न्हाईतर नुसतं भांडं जरा जोरात ठिवायचं, येतेत ते. आता स्लॅबवरून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल आसं घ्यायचं म्हंजी तमाशाच. मी न्हाई म्हनले आन् शेळीला पाला टाकायला गेले.

२६ डिसेंबर, शुक्रवार

सांजच्याला सगळे आमच्या अंगनात. मीच बोलीवलते. लांबन लावायची मला सवय न्हाई. म्हनलं, सोमवारी मशीननं आमचं घर गाळलं. आता तुमी सगळे तोंडावर सांगा, हे खोटं हाय का? तुमी व्हय म्हनलं तर भोंगा उतरवते आन् सून उद्यापासनं रानात.

विजू दाराआड हुबी व्हती. तिची बांगडी वाजली तेवडी ऐकू आली.

शहादेव भाऊजी उठले. मला वाटलं, झालं आता. म्हनले, "वहिनी, खरं सांगू का? मी कायम वाट बगत व्हतो, ह्यांचं मशीन ह्यांनाच दोन दिस पानी कवा देतंय. तर त्यानं तुमचंच नाव खाल्लं. आन् तुमी वाळायला आलेल्या कांद्याकडं बगत गप बसल्या. सोताच्या घरालाच पानी न देनारं मशीन बेइमान कसं म्हनू मी?"

सोमेश्वर म्हनला, आमचं तर काय म्हननं न्हाई. कचरू म्हनला, पैल्यांदा झालं की माज्या बारीला दुसरा कुनी फावडं घेऊन आला न्हाई. आबांनी नुसतं बोट वर केलं, भोंग्याकडं. ऱ्हाऊ द्या, म्हनायलेत.

मंग जीवननं इचारलं, पन काकी, चूक कशानं झाली?

खोटं बोलायची मला सवय न्हाई. सांगितलं. मंग आबाचे खांदे हालायला लागले. आवाज न्हाई, नुसते खांदे. तेवडं बगून सगळं अंगन फुटलं. भाऊजी डोळे पुसायलेत. मालक कुठंतरी आभाळाकडं बगायलेत.

भिवराबाई म्हनली, "उखान्यात घे. तसं चालतंय, देवाला बी चालतंय."

विजू मोबाईल घेऊन आलीच. पळायला जागा न्हाई. म्हून घेतला उखाना, तिथल्या तिथं जुळीवला. ईहिरीला पानी, मोटरीला लाईट, इथपस्तोर लिवते. फुडचं त्यात नाव हाय, ते इथं लिवत न्हाई. एकदा तोंडानं घेतलं तेवडं बास.

मालकांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. धूळ काय नव्हती तिला.

२८ डिसेंबर, रविवार

विजूनं उखाना काढून टाकला आन् नुसतं नाव ठिवलं. म्हनली, बाकीचं फिजूल. मी काय बोलनार, फाफटपसारा नगं हे माजंच शिकीवलेलं.

सकाळी भोंगा बोलला. मालक वट्ट्यावर च्या घेत व्हते. कपबशी हातात तशीच. भोंगा बोलून गप झाला तरी हे तसेच. मी म्हनलं, ऐकू आलं न्हाई का, बारी तुमची हाय, कांदा वाट बगायलाय. म्हनले, "आलं की ऐकू." आन् गेले.

च्या तसाच ऱ्हायला कपात. साखर कमी पडली आसंल.

४ जानेवारी, रविवार

बारी आपली. मालक दिस उगवायच्या आदीच उठून स्लॅबवर गेलते. भोंग्याच्या बुडाशी जाऊन बसलेले. म्हनलं, कान फुटतेल तिथं. म्हनले, वायर ढिली व्हती, बगत व्हतो. वायर विजू रोज बगती.

कांदा सावरला. मशीननं ह्या दिसांत काय चुकलं न्हाई. आज लिवायला दुसरं काय न्हाई.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत झाली. भिवराबाईनं तिळगूळ दिला आन् विजूला म्हनली, बीडला चाललीस तर तिथल्या मास्तरला सांग, आवस वर घ्यायची आसती.

आज विजू पैल्या यष्टीनं गेली. डब्यात मेथीची भाजी दिली. फाट्यापस्तोर मीच गेलते सोडायला, दुसरं काम व्हतं तिकडं म्हून. यष्टीत चढताना म्हनली, आत्या, क्लासात काय आडलं तर सांजच्याला येऊन वाचून दाखवीन. मी म्हनलं, तूर संपली आता. म्हनली, हरभरा निवडा.

१८ जानेवारी, रविवार

आज बारी आपली पडली, पन आज आवस. भोंगा गप बसला, बरोबर बसला. आपली बारी उद्या.

गोठ्यातलं शेनकूर करून आले तर मालक वर, भोंग्यापाशी. च्या खाली गार झालेला. विजूला सुट्टी हाय, तिला खालून इचारायलेत, मशीन बिगडलं का गं? आज बोलंना ते. विजू म्हनली, मामा, आज आवस हाय.

ह्या मानसानं जल्मात कवा आवस इसरली न्हाई. आवशेला कुनी नुसतं खुरपं हातात धरलं तरी वरडायचे. आन् आज एवडं कसं ध्यानात ऱ्हायलं न्हाई त्यांच्या, कुनाला ठाव. तरी बी उठंनात. गार वारं सुटलेलं, आंगावर घोंगडी न्हाई, आन् बसलेत तिथंच, पोरावानी तोंड करून.

दोनदा भांडं आपटून बगितलं. खाली येईनात. विजू माज्याकडं बगायली, पदराआड हासायली. मला सयपाकाला उशीर व्हायलता. मंग मीच जिन्याच्या चार पायऱ्या वर गेले आन् आबाच्या घरापस्तोर जाईल एवड्या आवाजात म्हनलं,

"बद्रीनाथराव, तुमची बारी उद्या हाय. च्या घ्यायला चला."

लगेच उतरले.